जग संपल्यानंतरची तेरा वर्षे : ‘थ्रेड्स’

शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधले पोलादासाठी प्रसिद्ध असलेले शहर. बीबीसीने २३ सप्टेंबर १९८४ रोजी प्रथम दाखवलेल्या ‘थ्रेड्स’ या दूरचित्रपटात या शहरावर अणुहल्ला होतो आणि त्यानंतर कॅमेरा याच परिसरात राहतो. जगबुडीच्या चित्रपटांची सवय असलेल्या प्रेक्षकाला पहिला धक्का याचाच बसतो. न्यूयॉर्क, पॅरिस, टोकियो अशी कोसळणाऱ्या महानगरांची फेरी इथे नाही, भाषण करणारा राष्ट्राध्यक्ष नाही आणि संकट आधीच ओळखणारा, पण कोणी न ऐकणारा शास्त्रज्ञही नाही.

कथा साधी आहे. रूथ आणि जिमी हे तरुण जोडपे. रूथला दिवस गेले आहेत, म्हणून लग्न ठरते, घर पाहिले जाते, भिंतींना कागद लावले जातात. इराणमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ समोरासमोर आल्याच्या बातम्या दरम्यान दूरचित्रवाणीवर चालू असतात, परंतु त्यांकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. लेखक बॅरी हाइन्स आणि दिग्दर्शक मिक जॅक्सन यांनी या पूर्वार्धाला जवळजवळ पाऊण तास दिला आहे. काही प्रेक्षकांना तो रेंगाळलेला वाटेल. मला तो चित्रपटाचा कणा वाटतो, कारण पुढे जे नष्ट होते ते काय होते, हे त्याशिवाय कळलेच नसते.

हल्ल्याच्या क्षणी जिमी रूथकडे धाव घेतो आणि त्यानंतर तो चित्रपटात पुन्हा कधीच दिसत नाही. तो कुठे मेला, कसा मेला, हे सांगितले जात नाही. ‘२०१२’सारख्या चित्रपटात अब्जावधी माणसे मरत असतानाही नायकाची मोटार कोसळत्या इमारतींमधून नेमकी बाहेर पडते; नायकाच्या कुटुंबाला वाचवण्याचा तो अलिखित करार ‘थ्रेड्स’ने इथे मोडला आहे. बेपत्ता माणसाविषयी वाचलेल्यांना जितके कळते तितकेच आपल्यालाही कळते.

चित्रपटाची खरी ताकद मात्र नगरसभागृहाच्या तळघरात आहे. आणीबाणीत शहराचा कारभार चालवण्यासाठी पालिकेतले काही अधिकारी तिथे बसवलेले असतात. ही साधी कार्यालयीन माणसे; प्रशिक्षण अपुरे, दूरध्वनी निकामी आणि हातात कागदी योजना. वर शहर जळत असताना ती अन्नसाठ्यावरून वाद घालतात, एकमेकांवर खेकसतात आणि अखेर ढिगाऱ्याखाली गुदमरून मरतात. सुमारे महिन्याभराने सैनिक तिथे पोहोचतात तेव्हा सापडतात ते केवळ मृतदेह. जगाच्या अंताचे इतके कारकुनी आणि म्हणूनच इतके विश्वासार्ह चित्रण मी अन्यत्र पाहिलेले नाही. पुढे अन्न हीच मजुरी होते आणि भूल न देता अवयव कापले जातात. तोंडाला पट्ट्या बांधलेला, हातात बंदूक असलेला वाहतूक-नियंत्रक तर एकदा पाहिला की विसरता येत नाही.

मांडणी माहितीपटाची आहे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. पडद्यावर टंकलेखनासारखी अक्षरे उमटतात आणि निवेदन पॉल व्हॉन यांचे आहे. बीबीसीच्या विज्ञान-माहितीपटांमुळे ब्रिटिश प्रेक्षकांच्या ओळखीचा झालेला हा आवाज लाखोंचे मृत्यू हवामानवृत्ताच्या सुरात सांगतो. ब्रिटनवर २१० मेगाटन (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटीएवढी स्फोटशक्ती) क्षमतेची अण्वस्त्रे पडतात आणि काही वर्षांत देशाची लोकसंख्या ४० लाख ते १ कोटी १० लाख, म्हणजे मध्ययुगीन पातळीवर येऊ शकते, असे ही अक्षरे सांगतात. त्यामागे त्या काळचे संशोधन होते. आगींच्या काजळीने सूर्यप्रकाश अडून तापमान घसरेल, हा ‘आण्विक हिवाळ्या’चा सिद्धांत अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडला होता. एक वर्षही उलटले नव्हते, तोच तो सामान्य प्रेक्षकाच्या बैठकीच्या खोलीत पोहोचला. (भारत आणि पाकिस्तान यांच्यात हिरोशिमाएवढे १०० बाँब वापरले गेले तर जगाच्या हवामानाचे काय होईल, याचे गणित २००७ मध्ये मांडले गेले आहे, तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा मानण्याचे कारण नाही.)

याच विषयावरचा अमेरिकी दूरचित्रपट ‘द डे आफ्टर’ एक वर्ष आधी आला होता. तो पाहून आपण अतिशय खिन्न झाल्याची नोंद अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी दैनंदिनीत केली होती. त्याचे महत्त्व मान्य करूनही तो मला सौम्य वाटतो, कारण स्फोटानंतरच्या काही आठवड्यांतच तो थांबतो. ‘थ्रेड्स’ तेरा वर्षे पुढे जातो. ओझोनचा थर विरळ झाल्याने रूथच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो, ती अकाली म्हातारी होऊन मरते आणि तिची मुलगी जेन अशा जगात वाढते जिथे शाळा म्हणजे झिजलेली एक व्हिडिओफीत.

दोष आहेत. युद्धाच्या दृश्यांसाठी वापरलेले जुने चित्रण वेगळे ओळखू येते आणि पैसा बेताचा होता हे लपत नाही. शेवटची दहा-पंधरा मिनिटे घाईची आहेत. नव्या पिढीची भाषा तुटक, जवळजवळ पशुवत झालेली दाखवली आहे, ते मला पटत नाही. हलाखीतही मुले आपसांत बोलून भाषा घडवतात, आणि इथे दिग्दर्शकाने परिणामासाठी वास्तवाशी केलेली फारकत उठून दिसते. ब्रिटनबाहेर काय झाले, याविषयी तर अवाक्षर नाही.

लांबी दोन तासांहून थोडी कमी आहे. संवाद शेफील्डच्या बोलीत असल्याने उपशीर्षके सुरू ठेवूनच पाहावा. मुलांसोबत पाहण्याजोगा तो अजिबात नाही. प्रसूतीचे शेवटचे दृश्य अनेक प्रौढांनाही सोसणार नाही.