फ्लोरेन्सची एकदिवसीय हिवाळी सहल : एका कोल्हापूरकर विद्यार्थिनीचा अभिप्राय

इटलीतील बोलोन्या येथे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, परदेशी विद्यार्थ्यांसाठी सहली आयोजित करणाऱ्या एका संस्थेबरोबर मी डिसेंबरमधील एका शनिवारी फ्लोरेन्सला गेले होते. सुट्टीत कोल्हापूरला आल्यापासून इटलीला निघालेली ओळखीतली मुले-मुली ‘अशी सहल घ्यावी का?’ असे विचारत आहेत, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण अशा सहलींचे वेळापत्रक थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच असते आणि माझी मुख्य तक्रार त्या वेळापत्रकाबद्दलच आहे.

डिसेंबरमध्ये फ्लोरेन्सला सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो, म्हणजे पाहण्याजोगा उजेड जेमतेम नऊ तास मिळतो. आमची बस अर्धा तास उशिरा निघाली, महामार्गावर कॉफीसाठी पाऊण तास थांबली आणि दहा वाजून गेल्यावर शहराबाहेरच्या विला कोस्तांझा या थांब्यावर पोहोचली. तिथून पुढे ट्रामने जावे लागते. ही सोय मात्र चांगली आहे, बस शहराच्या वाहतुकीत अडकत नाही. याच ट्रामच्या वाटेवर ‘काशिने’ नावाचे स्थानक लागते. खिडकीतून ती पाटी दिसली तेव्हाच दुपारी तिकडे जायचे हे मी ठरवून टाकले होते.

मार्गदर्शक बाईंबद्दल तक्रारीला जागा नाही. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने इथल्या कॅथेड्रलचा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता कसा चढवला, विटा आडव्या-उभ्या गुंफून प्रत्येक थर स्वतःचा भार कसा पेलत गेला, हे त्यांनी हातातल्या दोन मोबाइलच्या आधाराने असे समजावले की आमच्या गटातील स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थीही गप्प उभे राहिले. १४३६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत आणि त्याचे तिकीट वेळेसह आधी काढावे लागते. ते सहलीच्या शुल्कात नव्हते, ही गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत होती. पोन्ते वेक्यो हा जुना पूल पाहून झाला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील बाकीचे पूल उडवले आणि हा एकच ठेवला. उफिझी संग्रहालयासाठी वेळच दिलेला नव्हता. तिथे स्वतंत्रपणे जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा : २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना मिळणारी मोठी सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, आपल्या विद्यार्थी ओळखपत्रावर ती मिळत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र प्रवेश सर्वांनाच विनामूल्य असतो.

त्यानंतर, बाहेर लख्ख ऊन पडलेले असताना, आम्हाला सव्वा तास चामड्याच्या वस्तूंच्या एका दुकानात बसवण्यात आले. कोल्हापूरच्या माणसाला चामड्याचे शिवणकाम दाखवायला नेणे हा प्रकार मला तरी मजेशीर वाटला. पट्ट्याची किंमत ऐकून मी सवयीने निम्मी सांगितली आणि विक्रेत्याने पट्टा काही न बोलता परत खुंटीला अडकवला.

सव्वादोनला मोकळा वेळ मिळाला आणि मी ट्रामने काशिनेला गेले. आर्नो नदीच्या काठाने लांबच लांब पसरलेल्या या उद्यानाच्या पश्चिम टोकाला, मुन्योने हा लहान प्रवाह आर्नोला मिळतो तिथे, करवीरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे स्मारक आहे. इंग्लंडचा दौरा करून परतताना अवघ्या विसाव्या वर्षी, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले आणि दोन प्रवाहांच्या या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये उभारलेल्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला त्यांचाच. आतील अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा आहे.

ट्राम स्थानकापासून तीन किलोमीटरच्या आसपास चालावे लागते. नदीवरून येणारा वारा कोल्हापुरात घेतलेल्या कानटोपीला जुमानत नव्हता आणि सुती मोज्यांत बोटे बधिर झाली होती. लोकरी मोजे तिकडेच घ्यावेत. पुतळा रंगवलेला आहे : सावळा चेहरा, डोक्यावर पगडी, गळ्यात मोत्यांचे सर. चौथऱ्यावर ओल्या पानांचा थर साचला होता आणि धावायला आलेले लोक वर न पाहता बाजूने जात होते. जवळच्या मोठ्या पुलालाही लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. मी घरी व्हिडिओ कॉल लावला. फ्लोरेन्समध्ये पावणेचार वाजले होते, कोल्हापुरात सव्वाआठ. आजोबांनी पडद्यावर पुतळा पाहिला आणि म्हणाले, “अगं, आधी पायातले काढून नमस्कार कर, फोटो मग काढ.” त्या थंडीत मी बूट काढले.

परतीची बस पन्नास मिनिटे उशिरा आली आणि उघड्या थांब्यावर बसायला आडोसा नव्हता. जवळ तिथला स्थानिक पाव होता. त्या भागातील पावात मीठ अजिबात घालत नाहीत, त्यामुळे घरून नेलेली कांदा-लसूण चटणी अक्षरशः कामी आली.

मार्गदर्शनासाठी मी पूर्ण गुण देते, पण एकूण सहलीला पाचपैकी अडीचच. बोलोन्याहून वेगवान रेल्वे पाऊण तासाच्या आत फ्लोरेन्सला पोहोचते आणि आधी तिकीट काढल्यास फार महाग पडत नाही; दुसऱ्यांदा मी तशीच जाईन. काशिनेचा थांबा कार्यक्रमात घ्यावा अशी सूचना मी संस्थेला लेखी पाठवली होती. हिवाळ्यात त्या बाजूला लवकर अंधार पडतो, असे उत्तर आले. अंधार लवकर पडतो हे मान्य आहे. पण चामड्याच्या दुकानात दिवे होते.