आंबट वासावर विसंबलो आणि ४० लिटर पाणी विकत घेतलं

नाशिकच्या सिडकोत माझं टी-शर्ट छपाईचं छोटं दुकान आहे. एक डीटीजी मशीन (थेट कापडावर शाईने छापणारा प्रिंटर), एक हीट प्रेस (गरम दाब देणारं यंत्र), मी आणि मदतीला भाचा. गेल्या पावसाळ्यात मला प्रीट्रीटच्या नावाखाली टोपी घातली गेली. तेव्हा लाजेपायी कोणाला बोललो नाही. आता गणपतीच्या ऑर्डरी पुन्हा सुरू होतील आणि नव्याने मशीन घेतलेली चार-पाच पोरं मला ओळखीची आहेत, म्हणून लिहितोय.

काळ्या टी-शर्टवर रंग उठायला खाली आधी पांढऱ्या शाईचा थर लागतो. ही शाई पाण्यासारखी पातळ. तशीच मारली तर सुतात जिरते आणि पांढऱ्याचा राखाडी होतो. म्हणून छपाईआधी कापडावर एक द्रावण फवारून प्रेसखाली वाळवतात, ते प्रीट्रीट. त्यात मुख्यतः कॅल्शियमचा क्षार आणि चिकटून राहणारं पॉलिमर. दुधात लिंबू पिळलं की दूध कसं फाटतं, तशी शाई या क्षाराला लागताच फाटते, घट्ट होते आणि वरच्या वर बसते. धुण्यात टिकायला पॉलिमर मदत करतं. आम्ही १४ बाय १६ इंचाच्या जागेला साधारण २० ग्रॅम मारतो. टी-शर्ट आधी काट्यावर, मग फवारून पुन्हा काट्यावर.

जूनमध्ये एक जण दुकानात आला. अंबडला गोडाऊन आहे म्हणाला. बोलणं गोड, आणि विषयाची माहिती पक्की. एका नावाजलेल्या कंपनीचं प्रीट्रीट लिटरमागे दोनशे रुपये कमीने देतो म्हणाला. आधी पाच लिटरची सीलबंद कॅन दिली. ती अस्सल होती, हे मी आजही सांगतो. तिच्यावर काढलेले प्रिंट अजून चांगले आहेत. मग २० लिटरच्या दोन कॅन, २६ हजार रुपये. पैसे यूपीआयने घेतले, तेही कुठल्यातरी बाईच्या नावाच्या खात्यावर. बिल 'व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो'. कॅनचं झाकण उघडून माझ्या नाकाशी धरलं, "घ्या वास. आंबट आला म्हणजे माल ओरिजिनल." पहिल्या कॅनला तसाच व्हिनेगरसारखा वास होता. माझी खात्री पटली. व्हिनेगरची बाटली किराणा दुकानात मिळते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पहिल्याच दिवशी पांढरा फिका आला. फोन केला. म्हणाला, "शेठ, नाशिकला यंदा ओल किती आहे बघा. प्रेस पाच सेकंद वाढवा." वाढवले. मग म्हणाला, व्हाइट इंक तळाला बसली असेल, हलवून घ्या. पांढऱ्या शाईतली टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी जड असते, ती बसतेच, म्हणजे बोलणं खोटं नव्हतं. मग टी-शर्टला सिलिकॉनचं सॉफ्टनर लागलं असेल. मग फवारणाऱ्या पोराचा हात सारखा फिरत नसेल. यातलं एकेक कारण खरंच घडू शकतं आणि नेमका तिथेच मी अडकलो. या कामात शंभर ठिकाणी चूक होऊ शकते, आणि ती सगळी ठिकाणं त्याला माझ्यापेक्षा नीट माहीत होती. मी भाच्यावर ओरडलो, मशीनचं शाई फवारणारं हेड साफ करण्यात शाई घालवली, आणि त्याच्याचकडून सहा हजारांची नवी व्हाइट इंकही घेतली!

त्यातच एका ढोल पथकाची १६० काळ्या टी-शर्टची ऑर्डर आली. २० ग्रॅमने भागेना म्हणून ३५ मारले, पांढऱ्याचे दोन हात दिले. दिसायला प्रिंट बरा होता. काही शर्टांवर फवाऱ्याचा चौकोन उठला, तो धुतल्यावर जातो असं सांगून वेळ मारून नेली. आठवड्याभराने पथकाचा दादा एक शर्ट घेऊन आला. गंगेवरच्या (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) सरावात दोनदा घामाने भिजला, घरी दोनदा धुतला. पथकाचं नाव अर्धं गेलेलं. आवाज न चढवता म्हणाला, "दादा, आमचं नाव कुठंय?"

सातपूरला याच धंद्यातला मित्र आहे. त्याच्याकडून अस्सल प्रीट्रीट वाटीभर आणलं. एकाच शर्टच्या डाव्या अर्ध्यावर त्याचं, उजव्यावर माझं, दोन्हीकडे २० ग्रॅम. शाई तीच, प्रेस तोच. डावीकडे दुधासारखा पांढरा, उजवीकडे राख. एवढ्यावर थांबलो नाही. दोन स्टीलच्या वाट्यांत दोन्ही द्रावणं वजन करून घेतली आणि गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून आटवली. (वाट्या बायकोच्या होत्या. त्या परत स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.) मित्राच्या वाटीत चिवट पापुद्रा राहिला. माझ्या वाटीत तळाला पांढरट भुकटीची पुसट रेघ. सकाळी मित्राचा पापुद्रा हवेतलं पाणी ओढून पुन्हा चिकट झालेला, कारण कॅल्शियमचा क्षार ओल धरतो. माझी भुकटी तशीच कोरडी. तिच्यात नेमकं काय होतं ते तपासलेलं नाही, पण कॅनमध्ये बहुतेक पाणीच होतं एवढं कळायला ही वाटी पुरे.

त्याला फोटो पाठवले. दोन निळ्या टिका, मग ब्लॉक. अंबडला त्याने सांगितलेल्या गाळ्यावर गेलो तर तिथे फॅब्रिकेशनवाला, त्याला काहीच माहीत नाही. उशिरा पाठवलेल्या बिलावरचा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. नोंदणी रद्द, आणि नाव भलतंच. हे तपासायला लॉगिन लागत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. मी ते पैसे दिल्यावर दीड महिन्याने केलं. सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टातल्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, पण समोरच्याचं नाव-पत्ता तरी हवा. पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत यूपीआयच्या पावत्या. पुढे काही नाही.

पथकाला सगळे शर्ट नव्याने छापून दिले. कोऱ्या टी-शर्टचेच २८ हजार ८०० गेले, शाई वेगळी. आता कुठलीही कॅन आली की आधी वाटी, मग एक शर्ट अर्धा-अर्धा, तो तीनदा धुवायचा, आणि तोवर पैसे अर्धेच. विकणारे कुरकुरतात. एक जण तर कॅन उचलून घेऊन गेला, त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवेपाशी मिरवणूक बघायला उभा होतो. पथक आलं. सगळ्यांच्या पाठीवर नाव लख्ख, फक्त मागच्या रांगेतल्या दोघा पोरांनी जुनेच शर्ट घातलेले. भाचा म्हणाला, "मामा, ते बघ आपले." मी म्हटलं, बघितले.