कुटुमसर की बोर्रा? नाशिकहून निघण्याआधी

नाशिककराला 'गुहा पाहायला जाऊ' म्हटलं की तो पांडवलेण्यांकडे बोट दाखवतो. पण ती माणसानं छिन्नीनं कोरलेली. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, तो पाण्यात विरघळत नाही. पाण्यानं आपसूक पोखरलेली भुयारं पाहायची तर चुनखडीचा मुलूख गाठावा लागतो. त्यासाठी दोन नावं हमखास पुढं येतात: छत्तीसगडच्या बस्तरमधलं कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसर गुहा, आणि आंध्रात अराकूजवळच्या बोर्रा गुहा.

आधी तारीख बघा, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. कुटुमसरमध्ये पावसाळ्यात पाणी भरतं, त्यामुळे ती साधारण जूनच्या मध्याला बंद होते आणि नोव्हेंबरच्या सुमारास उघडते. दिवाळी ऑक्टोबरात आली आणि तुम्ही शाळेच्या सुट्टीचा हिशोब धरून तिकिटं काढली, तर फाटकावरून परत फिरायची वेळ येऊ शकते. बोर्राला ही भीती नाही, ती पावसाळ्यातही बघता येते.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. बोर्राचं तोंड भलंमोठं, आत पायऱ्या, कठडे, दिवे. पांडवलेणी एका दमात चढणाऱ्या आजींना ती जड जाऊ नये. मला तिथले लाल-हिरवे दिवे मात्र खटकतात. लाखो वर्षं थेंबथेंब साचून झालेल्या खांबांना लग्नाच्या मांडवाची रोषणाई कशाला? गर्दीही तशीच. बाहेर बांबूत भाजलेलं चिकन मिळतं, ते मात्र सोडू नका.

कुटुमसरचा बाज वेगळा. जगदलपूरपासून तीसेक किलोमीटरवर, सालाच्या जंगलातून जीपनं जायचं आणि वाटाड्या घेऊनच आत शिरायचं. वाट अरुंद, एका वेळी एकच माणूस उतरेल अशी. खाली वाटाड्याच्या दिव्याचा उजेड पडेल तेवढंच दिसतं. कोंदट, दमट, घाम फुटतो. ज्याला लिफ्टमध्येही गुदमरतं त्यानं बाहेर सावलीत बसावं, यात कमीपणा नाही.

पण तिथल्या डबक्यांत जे आहे त्यासाठी मी घाम सोसेन. फिकट, रंग उडालेले, डोळे जवळजवळ गेलेले छोटे मासे. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून ते असे झाले. गंमत म्हणजे याच जातीच्या डोळस माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1872 साली पुण्याच्या नमुन्यांवरून झालं. म्हणजे सह्याद्रीच्या ओढ्यांतला आपला गाववालाच तिथं आंधळा होऊन बसलाय! वाटाड्यानं दाखवला तर बघा, पण बॅटरीचा झोत त्याच्यावर धरून ठेवू नका.

शिवाय कुटुमसर एकटी नाही. कांगेर घाटीला 1982 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे 200 चौरस किलोमीटर. त्यातच तीरथगडचा धबधबा, कैलास आणि दंडक या आणखी दोन गुहा, आणि नशीब असेल तर पहाडी मैना, छत्तीसगडचा राज्यपक्षी. चित्रकोटचा धबधबा उद्यानाबाहेर, जगदलपूरहून चाळीसेक किलोमीटरवर. बोर्रापाशी अराकूची कॉफी आणि डोंगरातली हवा आहे, पण असं जंगल नाही.

जाण्याचं म्हणाल तर कुटुमसरसाठी नाशिकरोडहून हावड्याकडच्या गाडीनं रायपूर, पुढं रस्त्यानं जगदलपूर, सुमारे 300 किलोमीटर. केशकाळ घाटात पोटात ढवळतं. बोर्रासाठी आधी विशाखापट्टणम गाठायचं, तिथून गुहा नव्वदेक किलोमीटर. 'बस्तर' म्हटल्यावर घरचे नक्षलवाद्यांची आठवण काढतील. जगदलपूर ते तीरथगड हा पर्यटकांच्या वर्दळीचा रस्ता आहे. आडवाटेला मात्र स्थानिकांना विचारल्याशिवाय वळू नये.

चार दिवस आणि सोबत आई-वडील असतील तर बोर्रा. चालणारी माणसं असतील आणि थंडी सुरू झाली असेल तर डोळे मिटून कुटुमसर. आठवडा हाताशी असेल तर निवडूच नका. बैलाडिलाच्या खाणींतलं लोहखनिज बंदरात न्यायला घातलेला विशाखापट्टणम–किरंदुल लोहमार्ग बोर्रा, अराकू आणि जगदलपूर या तिन्ही ठिकाणांवरून जातो. रायपूरकडून उतरा, विशाखापट्टणमला निघा. वाटेत पन्नासहून जास्त बोगदे लागतात, तेव्हा खिडकीची जागा दिवसाच्याच गाडीत धरा.