मिरजेचा तानपुरा: शिकवण्या आणि बैठकी दोन्ही करणाऱ्यांनी घ्यावा का?

घ्यावा. पण फोनवर ऑर्डर देऊन नव्हे. मिरजेला जाऊन, वाद्य मांडीवर घेऊन.

आठवडाभर शिकवण्या, मधूनच एखादी बैठक, कधी दुसऱ्याच्या मागे तानपुऱ्याची साथ, अशी ज्यांची मिळकत विखुरलेली आहे त्यांना एकाच वाद्याकडून बरीच कामं करून घ्यावी लागतात. मिरजेत शिकलगार घराण्यातले कारागीर एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यं घडवताहेत. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र मानांकन गावाच्या कलेला आहे. समोरचा नग चांगला आहे की नाही, हे कानानेच ठरवावं लागतं.

आधी पट्टी, म्हणजे तुमच्या गाण्याचा मूळ सा, ठरवा. लेडीज तानपुरा साधारण चार ते साडेचार फुटांचा असतो आणि हार्मोनियमच्या काळी चार-पाचला खुलतो. जेंट्स पाच फुटांच्या आसपास, काळी एक-दोनसाठी. वर्गात मुलं-मुली दोन्ही असली की एकाच तानपुऱ्यावर दोन्ही पट्ट्या काढण्याचा मोह होतो. तो टाळा. तार फार उतरवली की ती सैल होऊन नुसती फडफडते, फार चढवली की तुटते आणि दांडीवर ताण येतो. स्वतःच्या पट्टीचं वाद्य घ्यावं, दुसऱ्या पट्टीसाठी वर्गात इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावावा.

आता जवारी, म्हणजे तारेचा झंकार. सगळा पैसा इथे वसूल होतो किंवा बुडतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला किंचित उतार असतो आणि तार त्यावर घासत झंकारते. घोडीवर चारही तारांखाली घातलेला दोरा, म्हणजे सूत, काढून प्रत्येक तार वेगळी छेडा, मग सूत घालून केसभर पुढे-मागे सरकवा. आवाज हळूहळू उघडत गेला तर काम चांगलं. एकाच बिंदूवर झंकारून बाजूला लगेच बंद पडत असेल तर घोडी नीट घासलेली नाही. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार शांतपणे ऐका: तिच्यातून गांधार (ग) स्पष्ट निघायला हवा. तो निघत नसेल तर नक्षीकाम कितीही सुंदर असो, वाद्य परत ठेवा.

भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे बारीक रेघ दिसते का पाहा. प्रवासात तडा बहुधा तिथेच जातो. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे ना, तेही बघा. खुंटी फिरवून सोडल्यावर जागेवर राहिली पाहिजे. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सुकून घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावली की भागतं. तारांत ओवलेले मणी घोडीच्या अगदी जवळ येऊन थांबले असतील तर सूर बारीक जुळवायला जागाच उरत नाही. तेव्हा आधी खुंटीनेच सूर जवळ आणा.

रोज वर्गात वाजणाऱ्या तानपुऱ्याच्या घोडीवर तारांचे चरे पडतात आणि आवाज मिटत जातो. साधारण वर्षाला एकदा घोडी घासून जवारी नव्याने काढून घ्यावी लागते, हा खर्च विकत घेतानाच धरावा. घरी कानस लावू नका. जास्त घासलेल्या घोडीची उंची परत येत नाही, ती बदलावीच लागते.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा रियाजाला आणि ऑनलाइन शिकवणीला सोयीचा आहे, यात शंका नाही. पण त्यावर विद्यार्थी सूर मिळवायला शिकत नाही. मारवा रागाला पंचमाची तार निषादावर, मालकंस रागाला मध्यमावर आणताना कान जो घडतो, तो बटण दाबून घडत नाही. शिकवणाऱ्याने खरा तानपुरा घ्यावा, तो मुख्यतः याचसाठी.

बाहेरगावच्या कार्यक्रमाला नेताना तारा थोड्या उतरवा, घोडीखाली मऊ कापड सारा, आणि साध्या कापडी गवसणीऐवजी फायबरची पेटी वापरा. हॉलमध्ये एसी असेल तर वाद्य अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. सूर त्यानंतरच लावा, नाहीतर पहिल्या आलापातच तारा उतरलेल्या असतात.