इंजिनची टकटक आणि उद्यमनगरातले मिस्त्री

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजबद्दल लिहायचं कधीचं डोक्यात होतं, आज सुट्टी आहे म्हणून लिहिते, जरा मोठं होईल पण ज्यांच्या गाडीचं इंजिन टकटक करतंय त्यांनी पूर्ण वाचा.

आमची पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, ९८ हजार किलोमीटर झालेली. मी रोज शाळेसाठी कोल्हापूर ते गारगोटी तिच्यातूनच जाते, जाऊनयेऊन शंभरेक किलोमीटर. दिवाळीनंतर आवाज यायला लागला. सकाळी चालू केली की फारसं काही नाही, पण बिद्री येईस्तोवर बॉनेटखालनं टक टक टक, आणि वेगात असताना एक्सलेटरवरचा पाय काढला की जास्तच.

आधी दोन ठिकाणी दाखवलं. एकानं टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) सेट केले, १,८०० घेतले, आवाज तसाच. दुसऱ्यानं पेट्रोल खराब आहे, महागातलं टाका म्हणून सांगितलं आणि ऑइल बदलून जाड २०डब्ल्यू-५० घातलं, त्यानं आठवडाभर आवाज दबला म्हणून मला वाटलं झालं काम, नंतर परत सुरू आणि आधीपेक्षा मोठा.

मग शाळेतल्या एका सरांनी इथं पाठवलं. मिस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतं ऐकलं. गाडी गरम करून, रेस देऊन, सोडून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून. मग मला जवळ बोलावून समजावलं. पेट्रोलमुळं होणारं नॉकिंग चढाला येतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं, आणि पाय काढला की थांबतं. टॅपेटचा आवाज बारीक, वरनं हेडमधनं. पिस्टन ढिला असला तर सकाळी थंड असताना जास्त वाजतो, गरम झाला की कमी होतो. "तुमचा आवाज जड आहे ताई, खालनं येतोय आणि गरम झाल्यावर वाढतोय. हे बेअरिंग आहे." म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला (इंजिनच्या खालच्या फिरत्या दांड्याला) जिथं जोडलेला असतो, तिथलं धातूचं अस्तर.

नंतर एकेका सिलिंडरच्या कॉइलचा (ठिणगीला वीज देणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून बघितलं, तीन नंबरचा काढला आणि आवाज जवळपास गेलाच, मलासुद्धा कळलं. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही म्हणजे कनेक्टिंग रॉडवर दणका नाही, म्हणून गप्प. मग ऑइल स्विचच्या जागी गेज लावला. रेस वाढवला की प्रेशर वाढत जायला पाहिजे, आमचं दीड बारवर अडकलं. मी म्हणलं पण डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा तर कधीच लागला नाही, तर म्हणाले तो दिवा प्रेशर पार तळाला गेल्यावरच लागतो, तोवर बेअरिंग संपलेलं असतं.

आणि मग गाडीखाली जाऊन आले आणि विचारलं, "चेंबरला कधी दगड लागलाय का?"

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, आणि तिला लागला होता. गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातल्या रस्त्याला खोल चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा तसाच राहतो, आमच्या मळ्याच्या वाटेवर खालनं जोरात घासलं होतं. ऑइल गळलं नाही म्हणून आम्ही विसरून गेलो. पण चेंबरचा पत्रा आत दबून ऑइल पंपाच्या जाळीला जवळपास टेकला होता, त्यामुळं पंपाला पुरेसं ऑइल ओढताच येत नव्हतं. आधीच्या दोघांनी गाडी वर उचललेली, पोचा त्यांनाही दिसला असणार, पण कुणी त्याचा आवाजाशी संबंध लावला नाही. नुसतं बेअरिंग बदलून घेतलं असतं तर दोन-चार महिन्यांत तेच परत झालं असतं, याचा मला अजून धसका आहे.

गाडी तिथनं हलवू दिली नाही, म्हणाले रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येईल. ऑइल फिल्टर कापून दाखवला, आत चमचमणारे कण, लोहचुंबक लावला तर चिकटत नव्हते, म्हणजे लोखंड नाही, बेअरिंगचाच धातू. इंजिन उतरवल्यावर तीन नंबरचं बेअरिंग घासून आतलं तांबं दिसत होतं. क्रँकवर ओरखडे होते, मायक्रोमीटरनं मापून ०.२५ मिमी अंडरसाइझला (म्हणजे तेवढं बारीक) ग्राइंडिंग करून घेतलं, सगळी बेअरिंगं नवी, ऑइल पंप, जाळी, चेंबर नवीन, रॉडचे बोल्टसुद्धा नवे टाकून टॉर्क पान्यानं आवळले. ऑइल कंपनीनं सांगितलेलं ५डब्ल्यू-३०च घातलं. जाडवालं विचारलं तर जरा चिडलेच, त्यानं दुखणं झाकतं म्हणाले.

एकूण ३४,५०० रुपये झाले. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत दिला. ५०० किलोमीटरला ऑइल बदलायला बोलावलं आणि फिल्टर परत कापून बघितला, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

एक स्टार कमी देतेय कारण सहा दिवस सांगून अकरा दिवस लागले, क्रँक ग्राइंडिंगला नंबर होता हे मान्य, पण फोन उचलत नाहीत आणि मला रोज एसटीनं जावं लागलं. बिल हातानं लिहिलेलं मिळतं, पक्कं पाहिजे तर आधी सांगा. बसायला जागा नाही, बाहेर उन्हात उभं राहावं लागतं.

आता सहा हजार किलोमीटर झाले. गरम इंजिनवर गेज लावून घेतला, ३,००० आरपीएमला साडेतीन बार दाखवतंय. जाणार असाल तर सकाळी जा, गाडी गरम करूनच न्या, आणि आवाज नक्की कधी येतो, इंजिन थंड असताना, चढाला की पाय काढल्यावर, ते आधी नीट ऐकून ठेवा, ते पहिला प्रश्न तोच विचारतात.