ड्रेस्डेनमधलं 'स्लाव्ह' दुकान: चक्क्याला पाच तारे, पाट्यांना दोन

श्रीखंडासाठी दही टांगत बसायचा कंटाळा आला म्हणून या दुकानात जायला लागले. इथे पोलिश 'त्फारुग' मिळतो, म्हणजे पनीर आणि चक्का यांच्या मधलं काहीतरी. जास्त स्निग्धांशाचा घ्या, मिक्सरमधून काढा, साखर-वेलची घाला. पाहुण्यांना कळत नाही.

तक्रार आहे ती मांडणीची. आधी पाटीवर 'रशियन दुकान' होतं, आता 'स्लाव्ह खाद्यपदार्थ' आहे. त्याखाली लिथुआनियाचा काळा पाव आणि जॉर्जियाचं मिनरल वॉटर! स्लाव्ह म्हणजे रशियन, पोलिश, चेक अशा जवळच्या नात्यातल्या भाषा बोलणारे लोक. लिथुआनियन मात्र बाल्टिक भाषा. जॉर्जियन तर कुळानेच वेगळी. तिच्यापेक्षा आपली मराठी रशियनला जवळची.

गल्ल्यामागे तीन रंगांचा नकाशा लावलाय: पूर्व, पश्चिम, दक्षिण स्लाव्ह. पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण खालच्याच फळीवर कुट्टूची दोन पाकिटं आहेत. रशियनवर 'ग्रेच्का', युक्रेनियनवर 'ह्रेच्का'. नकाशात दोघी एकाच रंगात, पण हा 'ग'चा 'ह' युक्रेनियनला चेक-स्लोव्हाकांच्या पंगतीत नेऊन बसवतो. डोंगराला रशियनमध्ये 'गोरा', पोलिशमध्ये 'गुरा'. युक्रेनियन आणि चेकमध्ये मात्र 'होरा'.

एकदा ऑफिसातल्या चेक मैत्रिणीला घेऊन गेले. तिने कौतुकाने विचारलं, पाव 'चेर्स्तवी' आहे ना? चेकमध्ये याचा अर्थ ताजा. मालकीणबाई युक्रेनमधल्या ओडेसाकडच्या, त्यांच्या भाषेत तोच शब्द शिळ्या पावाचा. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी दोघींनी जर्मनमध्ये समेट केला. बाहेर आल्यावर मैत्रीण चेकांना लावल्या जाणाऱ्या 'पूर्व युरोपीय' शब्दावर घसरली: प्राग व्हिएन्नाच्या पश्चिमेला आहे, हे लोकांना सांगून तिचा जीव मेटाकुटीला आलाय.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. इथून पन्नासेक किलोमीटरवर बाउट्झेन आहे, सोर्ब लोकांचं 'बुदिशिन'. रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत. जर्मनीतले हे मूळचे स्लाव्ह, आणि नकाशावर त्यांचा ठिपकासुद्धा नाही! मी बाईंना म्हटलं तसं. पुढच्या शनिवारी पाहते तर बॉलपेनने एक गोल काढलेला. जॉर्जियाचं पाणी मात्र आहे तिथेच.

शनिवारी अकराच्या आत पोचा, त्फारुग संपतो. कार्ड घेत नाहीत.