पत्रं पोस्टात पडलीच नाहीत, ९६,५६४ रुपये मात्र गेले

सावद्याजवळ माझी टिश्यू कल्चर केळीच्या रोपांची नर्सरी आहे. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची केळीची लागवड, लागते जून-जुलैत, म्हणजे रोपांचं बुकिंग एप्रिल-मेमध्येच व्हायला हवं. म्हणून या वर्षी रावेर-यावल भागातल्या ५,२०० शेतकऱ्यांना नावानिशी पत्र आणि सोबत सवलतीचं कूपन पाठवायचं ठरवलं. काम जळगावच्या एका एजन्सीला दिलं. नाव लिहीत नाही, वकिलांनी थांबवलं आहे.

हिशेब असा: छपाई, घडी घालून पाकिटात भरणं ९.५० रुपये नग, म्हणजे ४९,४००. ‘ट्रॅकिंग आणि पडताळणी’ २ रुपये नग, १०,४००. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी १०,७६४. पोस्टाची तिकिटं ५ रुपयांप्रमाणे २६,०००. एकूण ९६,५६४. त्यातले ५०,००० आगाऊ घेतले.

ट्रॅकिंगला पैसे का दिले, असं आता सगळे विचारतात. कारण मशीन मी स्वतः उभं राहून पाहिलं. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात बारीक चौकोनी कोड, पाकीट भरताना वरचा कॅमेरा तो वाचतो, पत्रावरचं नाव आणि पाकिटावरचा पत्ता जुळला नाही तर लाल दिवा लागून पट्टा थांबतो. खराब झालेला नग यादीत लाल होतो आणि पुन्हा छापला जातो. हे सगळं खरं होतं. पण ही पडताळणी पाकीट चिकटवेपर्यंतच असते. पुढे गठ्ठे पोस्टात गेले की गोडाऊनच्या कोपऱ्यात, हे कॅमेऱ्याला कळत नाही, आणि ते मला कोणी सांगितलं नाही.

आठवड्याभरात मोबाइलवर लिंक आली. उघडली तर ५,२०० पैकी ५,२०० नावांपुढे हिरवी खूण: ‘वाटप झाले’. उरलेले ४६,५६४ मी त्याच दिवशी दिले.

इथेच जीव जळतो. त्या यादीत चिनावल, न्हावी, निंभोऱ्याच्या कितीतरी नावांपुढे रविवारची तारीख होती. खेड्यात साधं टपाल रविवारी कोण वाटतं? आणि पाच रुपयांच्या साध्या पत्राला पोस्ट ट्रॅकिंग नंबर देतच नाही, तो स्पीड पोस्टला मिळतो. मग ‘वाटप झाले’ हे त्यांना सांगितलं कोणी? शिवाय एकही पत्र परत नाही! माझ्या यादीत जुने पत्ते होते, वारलेल्यांची नावं होती. हजारो पत्रं टाकली आणि एकही माघारी आलं नाही, तर ती टाकलेलीच नाहीत असं समजा.

मी फोन करून विचारलंही होतं. ‘शेतकरी कोड स्कॅन करतो ना, त्यावरून कळतं,’ असं उत्तर आलं. अवघ्या गावाने एका दिवसात कोड स्कॅन केला म्हणे. पण बुकिंगची धांदल होती, रोपं तयार होती, मजूर लागले होते. अशा वेळी कोण पाकिटं मोजत बसतो?

मे संपत आला तरी कूपन घेऊन एकही माणूस येईना. नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारलं तर म्हणाला, ‘मले त काहीच चिठ्ठी आली नाही भाऊ.’ मग माझ्याकडे असलेली नमुन्याची पाकिटं फोडून आतले कोड स्कॅन केले. पाकिटांवरची नावं वेगळी, पण कोड उघडला की मोबाइलवर पान एकच, लिंकचा शेवटचा क्रमांकही तोच. मग कोणी स्कॅन केला हे कळणार कसं? म्हणजे मशीन दाखवायला चालवलं आणि माझ्या पत्रांवर मात्र सरसकट एकच कोड छापला. तुम्ही असं काम देणार असाल तर आधी चार-पाच कोड स्वतः स्कॅन करा आणि यादीत आपल्या नातेवाइकांचे पत्ते गुपचूप घाला, निरनिराळ्या गावांतले.

पोस्टात गेलो. ‘टपाल ज्याने दिलं त्यालाच माहिती देऊ,’ म्हणाले. माझ्या पैशाची तिकिटं, माझ्या गिऱ्हाइकांची नावं, आणि मी परका! पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. सायबरवाल्यांनी सांगितलं, पैसे चेकने दिलेत, आमच्याकडे कशाला आलात. ग्राहक आयोगाच्या खिडकीवरचा माणूस कागद न वाचताच म्हणाला, धंद्यासाठी घेतलेली सेवा आहे, तुम्ही ग्राहक नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना वेगळं ठेवलंय, मग सेवेचं काय, एवढं तरी कागद वाचून सांगायचं! फसवणुकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तक्रार लिहून घ्यायला कोणाचा हात चालत नाही. ठाण्यात घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, आणि ते स्पीड पोस्टानेच पाठवा. मी पाठवलं. उत्तर नाही. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे.

छपाईचे पैसे आणि तिकिटांचे पैसे एकत्र देऊ नका. तिकिटांची रक्कम पोस्टाच्या खिडकीवर स्वतः भरा आणि नगांची संख्या लिहिलेली, तारखेचा शिक्का मारलेली पावती हातात घेतल्याशिवाय उरलेलं बिल चुकतं करू नका. एजन्सीच्या स्क्रीनवरचा हिरवा रंग एजन्सीनेच भरलेला असतो.

जळगाव-धुळे भागात असंच काम दिलेल्या कोणाचीही पत्रं पोहोचली नसतील, तर बिल, त्या लिंकचे स्क्रीनशॉट आणि उरलेली पाकिटं जपून ठेवा आणि मला कळवा. कोर्टात पुढच्या तारखेला मला ती जोडायची आहेत.